बद्द

पैसे कंपनीनेच भरले होते. सहा बैठकांचे.
पत्रात लिहिलं होतं 'तुमच्या विकासासाठी',
मी वाचलं 'दुरुस्तीसाठी'.

शेफील्डमध्ये, डॉन नदीच्या काठी,
काट्या-चमच्यांच्या बंद पडलेल्या कारखान्यात
वरच्या मजल्यावर एक खोली. दोन खुर्च्या, हीटर,
आणि हिलरी थ्रेलफॉल. आधी सुईण होती म्हणे,
त्यामुळे घाई कशाचीच नव्हती तिला.

पहिल्या दिवशी मी पन्नास मिनिटं बोलले.
उलाढाल, निर्यात, ऑपरेशनच्या पात्यांचा नवा विभाग,
हाताखालची चारशे माणसं.
हीटर टिकटिकत राहिला.
शेवटी तिनं विचारलं,
"यातलं कुठलं वाक्य आज पहिल्यांदा बोललात?"
मी घड्याळ पाहिलं. पार्किंगची मुदत संपत आली होती.

दुसऱ्या वेळी तिनं सतरा जणांचे अभिप्राय पुढे ठेवले,
बिननावाचे.
'कसं चाललंय विचारते, पण चालता चालता.'
'आमची वाक्यं तीच पुरी करते. बहुतेक वेळा बरोबर. तेच तर.'
मी नावं ओळखायला बसले.
हे दुसरं ग्लेन स्टॅनिफोर्थचं, ग्राइंडिंगचा,
स्वल्पविराम माहीत नसलेला माणूस.
हिलरी म्हणाली, "ओळखून झालं की सांगा,"
आणि थांबली.

ते थांबणं माझ्या ओळखीचं होतं.
हुपरीत, चांदीकामाच्या पाटावर
बाबा जुना रुपया नखाने उडवायचे,
दगडावर पडू द्यायचे
आणि मान कलती करून ऐकायचे.
गिऱ्हाईक मध्येच बोललं तर बोट वर: थांब.
खरा असला तर खणखणायचा,
खोटा असला तर बद्द.
मला वाटायचं, असे कान वारशाने मिळतात.
मला मिळालं ते उडवणारं नख.

तिसरी बैठक मी रद्द केली, ऑडिट आहे म्हणून.
ऑडिट नव्हतं.

चौथ्या वेळी ती म्हणाली,
"तुम्ही सारखं 'वी' म्हणता.
वी ठरवलं, वी बदलणार.
त्यात कोण कोण असतं?"

तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.
इंग्रजीत त्या शब्दाला एकच दार.
माझ्या भाषेत दोन:
आम्ही म्हटलं की समोरचा उंबऱ्याबाहेर,
आपण म्हटलं की आत.
अकरा वर्षं भरलेल्या सभागृहांत
मी ओठांनी आपण म्हणत होते
आणि मनात आम्ही.
आम्हीसुद्धा नाही.
मी. नुसती मी, इस्त्रीचे कपडे घालून.

हे तिला समजावून सांगायला वीस मिनिटं लागली.
तिनं दोन्ही शब्द म्हणून पाहिले, आमी, आप्पन,
दोन्ही चुकवले.
मी हसले, मग नाक पुसलं,
मग पार्किंगचं विसरलेच.
साठ पौंड दंड.

परवा रात्रपाळीला गेले.
ग्लेनच्या यंत्रापाशी उभी राहिले,
"कसं चाललंय?" म्हटलं
आणि पाय हलवले नाहीत.
त्याने यंत्र बंद केलं. चष्मा काढला.
"तीन नंबर," तो म्हणाला, "फेब्रुवारीपासून..."

मला माहीत होतं. थरथरतं ते.
वाक्य दातांमागे येऊन उभं होतं,
नखावरच्या रुपयासारखं.
उडवलं नाही.

तो चिंधीने एकेक बोट पुसत बसला.
किती वेळ, देव जाणे.
"फेब्रुवारीपासून मी एकटाच चालवतो ते.
पोरांना भीती वाटते.
मलाही."

हे मला माहीत नव्हतं.

नंतर मी काय बोलले ते विचारू नका,
बहुधा चुकीचंच.
सहावी बैठक गुरुवारी आहे.
तीन नंबर त्या रात्री बंद ठेवलं
आणि आम्ही दोघांनी
(इथे आम्हीच बरोबर)
मशीनमधला चहा घेतला.
गोडमिट्ट. वाईट.